मांडवीकाठचे चार ओळींचे निवाडे : इफ्फी 2024

बुधवार, 20 नोव्हेंबर

महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान आणि पणजीत 55 व्या इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं, उद्घाटन एकाच दिवशी आलं. सावंतवाडी-कुडाळची मंडळी सकाळी सातला मत टाकून दुपारी पासच्या खिडकीवर हजर होती. मुंबई-पुण्याची बरीचशी रात्री निघून गुरुवारी उगवली. गळ्यात पास आणि बोटाला शाई, एवढं दिसलं की ओळखपाळख करायला आणखी काही लागत नव्हतं. "तुमच्याकडे कोण येतंय?" इथून निघालेलं बोलणं दोन मिनिटांत "तो रुमानियाचा कधी लागलाय?" वर यायचं.

2024 ला नोंदणी 1000 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1180 होती, विद्यार्थ्यांना फुकट. खरा खर्च खोलीचा. यंदा 21 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा होता. तो दहा वर्षांतून एकदा येतो आणि या वेळी 5 जानेवारीपर्यंत चालायचा होता, त्यामुळे पणजीतले लॉज आधीच भरलेले आणि उरलेले चढ्या भावाचे. अशा वेळी मांडवी नदीपलीकडे बेतीला खोली पाहावी. फेरीबोटीला पायी माणसाकडून पैसे घेत नाहीत आणि पणजीच्या धक्क्यावरून आयनॉक्स चालत गाठता येतं. फक्त रात्रीचा शेवटचा खेळ सुटल्यावर बोट मिळेल ना, हे धक्क्यावर आधी विचारून ठेवायचं. सांताक्रूझ, ताळगाव याही बाजूला पाहायला हरकत नाही.

उद्घाटनाचा चित्रपट 'बेटर मॅन'. यंदा ऑस्ट्रेलिया हा खास देश होता आणि दिग्दर्शक मायकल ग्रेसी तिथलाच. निवाडा असा: रॉबी विल्यम्सचं चरित्र, आणि नायकाच्या जागी संगणकावर घडवलेला चिंपांझी. कल्पना एका वाक्यात सांगता येते आणि तरी दोन तासांवर टिकते, हे कौतुकाचं. पण चिंपांझी वजा केला तर उरतं ते नेहमीचंच: प्रसिद्धी, व्यसन, बाप, पश्चात्ताप. गाण्यांसाठी मोठ्या पडद्यावर पाहावा, नाहीतर राहिला तरी चालेल.

पुढचे सगळे निवाडे याच मापाचे आहेत. पाहिले त्या क्रमाने ते लावलेले नाहीत, विषयाच्या ओघाने लावले आहेत. बहुतेक चित्रपट आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या पंधरांपैकी. या पंधरांत 'रावसाहेब' हा निखिल महाजनचा मराठी चित्रपटही होता. त्याची रांग पाहून घरचं कार्य असल्यासारखं वाटत होतं, पण त्याच्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं जाईल, इथे बाहेरच्यांचं बघू.

गुरुवार-शुक्रवार, 21-22 नोव्हेंबर

सकाळी साडेसातला पणजी थंड असते आणि पाववाल्या पोदेराचा भोंपू गल्लीतून गेलेला असतो. पहिला खेळ गाठायचा तर न्याहारी आधीच उरकायची. कॅफे टाटो किंवा कॅफे भोसलेत पातळभाजी, सुकीभाजी किंवा दोन्हींची अर्धी-अर्धी मिक्स, सोबत पाव किंवा पुरी, शेवटी बन्स आणि चहा. नऊनंतर तिथे बसायला जागा मिळत नाही, समोरच्याच्या मागे उभं राहून त्याचा शेवटचा घास मोजावा लागतो. दुपारी उन्हाचा पारा बत्तीस अंशांच्या आसपास, आणि थिएटरात मात्र एसी असा की दादरहून दरवर्षी येणाऱ्या एक काकू पिशवीतून शाल, कानटोपी आणि थर्मास या क्रमाने वस्तू काढायच्या. शाल तरी न्याच.

तिकिटं आगाऊ ऑनलाइन राखायची असतात. गाजलेल्या नावांची बघता बघता संपतात, पण म्हणून घरी बसू नये. रश लाइन नावाची वेगळी रांग असते. राखीव तिकीटवाले आत गेले की उरलेल्या खुर्च्यांवर तिला सोडतात. स्पर्धेतल्या अनोळखी नावांना, विशेषतः सकाळच्या खेळांना, या रांगेतून बहुतेकदा जागा मिळते. संध्याकाळच्या पुरस्कारविजेत्यांना मिळेलच असं नाही. खुर्ची निवडताना हा हिशेब ठेवावा की सबटायटल पडद्याच्या तळाशी असतात आणि पुढच्याचं डोकं नेमकं तिथेच येतं. मधल्या ओळी, वाटेकडची खुर्ची. मान थोडी तिरपी होते, पण अक्षर सुटत नाही.

आता लिहिण्याचं. दिवसाला तीन-चार चित्रपट पाहणाऱ्याची खरी अडचण विसरण्याची नसते, मिसळण्याची असते. तिसऱ्या दिवशी लिथुआनियातली आजी जॉर्जियातल्या घरात जाऊन बसते. म्हणून निवाडा पुढचा खेळ सुरू होण्याआधी लिहून मोकळं व्हावं. अंधारात मोबाइल अजिबात काढू नये. खिशातली छोटी वही, पेन्सिल आणि एका पानावर एकच शब्द: 'जीन्स', 'बोट', 'बोर्श'. शाईचं पेन एसीत आणि उलट्या हातात दगा देतं, पेन्सिल देत नाही. बाहेर आल्यावर या शब्दांतला एकच उचलायचा. चार ओळींत एकाच प्रसंगाला जागा असते, आणि कुठला प्रसंग उचलला त्यातच अर्धा निवाडा झालेला असतो.

ओळींची वाटणी साधारण अशी. पहिलीत कोण, कुठे आणि काय अडलंय. कथेच्या पहिल्या पाव भागापुढचं काही सांगायचं नाही. दुसरीत चित्रपट ते कसं दाखवतो, पुराव्याला तो एक प्रसंग. तिसरीत कुठे सैल पडतो. चौथीत कोणी पाहावा. दिग्दर्शक, देश, मिनिटं वर एका ओळीत. मिनिटं हवीतच, कारण रांगेतला माणूस पहिला प्रश्न तोच विचारतो.

'टॉक्सिक', दिग्दर्शन सौले ब्ल्युवाइते, लिथुआनिया, 99 मिनिटं. आईने आजीकडे टाकलेली, लंगडत चालणारी तेरा वर्षांची मारिया आणि तिची जीन्स लांबवणारी क्रिस्तिना. मारामारीतून मैत्री आणि मैत्रीतून गावातल्या मॉडेलिंगच्या शाळेत. वजन उतरवायला पट्टकृमीची अंडी गिळण्यापर्यंत मजल जाते, पण दिग्दर्शिका किळसेचा बाजार मांडत नाही: कॅमेरा लांब उभा राहतो, पोरी चौकटीच्या तळाशी आणि वर कारखान्यांचं रिकामं आकाश. मोठी माणसं मात्र जवळजवळ सगळी एकाच साच्यातून काढल्यासारखी. पाहाच, जेवल्या जेवल्या नको.

याचा पहिला खर्डा असा झाला असता: 'किशोरवयीन मुलींच्या शरीरावरच्या दडपणाची अस्वस्थ करणारी कथा'. वाचायला बरं आहे आणि निरुपयोगी आहे. चित्रपटाचं नाव झाकायचं आणि ती ओळ दुसऱ्या कुठल्या चित्रपटाला चालते का पाहायचं. चालली तर खोडायची. याच चाळणीतून 'अंतर्मुख करणारा', 'तरल', 'आशयघन', 'वैश्विक' हे आपले लाडके शब्द खाली पडतात. 'संथ' हा शब्द तर एकट्याने कधी वापरू नये. संथ म्हणजे शॉट लांब आहेत, की माहिती उशिरा मिळते, की काहीच घडत नाही? तिन्ही वेगळे आजार आहेत, आणि पहिला तर आजारच नाही.

'होली काउ', दिग्दर्शन लुईझ कुर्वाझिए, फ्रान्स, सुमारे 90 मिनिटं. पूर्व फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातला अठरा वर्षांचा तोतोन; दारूडा बाप गाडीच्या अपघातात जातो आणि सात वर्षांची बहीण पदरात पडते. 30,000 युरोंच्या बक्षिसासाठी तो कोंते चीज बनवायला निघतो, ज्यातलं त्याला येत काहीच नाही आणि दूधही चोरीचं. तांब्याच्या मोठ्या कढईतून कापडाने गोळा उचलण्याचा प्रसंग पाहावा: हात भाजतात, कापड सुटतं, दूध वाया जातं, आणि तरीही तो हसू आणतो. बापाचं दुःख चित्रपट जरा घाईने मागे टाकतो. घरातल्या कोणालाही बरोबर न्या.

या चित्रपटाला चीजचं गणित ठाऊक असलं तर जास्त मजा येते. कोंतेचं एक चाक सुमारे 40 किलोचं, त्याला 400 लिटरच्या घरात दूध लागतं आणि मग किमान चार महिने ते मुरत ठेवावं लागतं. म्हणजे पोराने चोरलेली एक-दोन भांडी ही त्या चाकाच्या मानाने काहीच नव्हेत, आणि एकदा गोळा बिघडला की सगळंच गेलं. दिग्दर्शिका त्याच भागात वाढलेली आहे, नट तिथलेच, पडद्यावर कधी न आलेले. तोतोन झालेला क्लेमाँ फाव्हो कोंबड्यांच्या फार्मवर काम करणारा. कान महोत्सवाच्या 'अं सर्तँ रगार' विभागातून चित्रपट इथवर आला होता. आपल्याकडे दूध संघ, डेअरी, फॅट लावणं पाहिलेला प्रेक्षक या चित्रपटाला पॅरिसवाल्यापेक्षा जवळचा. रांगेत मागे उभे असलेले सांगलीकडचे एक गृहस्थ बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "तापमान चुकलं त्याचं. दही फाटणारच होतं."

शनिवार, 23 नोव्हेंबर

मतमोजणी. आयनॉक्सच्या अंगणातली प्रत्येक मराठी मान खाली, मोबाइलात. दोन खेळांच्या मध्ये जागा बदललेल्या असायच्या. अशा दिवशी राजकारणावरचे चित्रपट पाहायला वेगळीच धार येते, म्हणून ते इथे एकत्र.

'द न्यू इयर दॅट नेव्हर केम', दिग्दर्शन बोगदान मुरेशानू, रुमानिया, 138 मिनिटं. 20 डिसेंबर 1989, बुखारेस्ट. तिमिशोआरा शहरात गोळीबार झालाय, कोणी उघड बोलत नाही, आणि सहा माणसांचे सहा खासगी पेच. टीव्हीच्या नववर्षाच्या कार्यक्रमातली नटी देश सोडून पळाली म्हणून तो पुन्हा चित्रित करायचाय. एका पोराने नाताळबाबाला लिहिलेल्या पत्रात 'बाबांना काय हवं' म्हणून हुकूमशहा चाउशेस्कूचं मरण मागितलंय आणि पत्र पेटीत पडलंय. पहिला तास सहा धागे धरून ठेवायचं काम प्रेक्षकाकडे. शेवट रावेलच्या 'बोलेरो'वर चढत जातो आणि सगळे धागे 21 तारखेच्या चौकातल्या सभेत ओढतो. चुकवू नका, आणि मध्येच पाणी प्यायला उठू नका.

त्या पत्राच्या गोष्टीवर मुरेशानूने 2018 मध्ये 'द ख्रिसमस गिफ्ट' हा लघुपट केला होता आणि त्याला युरोपियन फिल्म अवॉर्ड मिळालं. लघुपटाचा मोठा चित्रपट करताना बहुतेक वेळा मूळ प्रसंग पातळ होतो, पाणी घालून वाढवलेल्या आमटीसारखा. इथे उलट झालं, कारण दिग्दर्शकाने तो प्रसंग ताणला नाही. त्याच्या शेजारी आणखी पाच तितकेच दाट प्रसंग ठेवले. व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्तम चित्रपटाचा मान याला आधीच मिळाला होता. असे शिक्के निवाड्यात शेवटी टाकावेत किंवा टाकूच नयेत. सुरुवातीला टाकले की आपण चित्रपटाऐवजी परीक्षकांशी सहमत व्हायला लागतो.

'वेव्ज', दिग्दर्शन यिर्झी माद्ल, चेकिया, 131 मिनिटं. 1967-68, प्राग रेडिओचा परराष्ट्र वृत्तविभाग. धाकट्या भावाला सांभाळणारा तंत्रज्ञ तोमाश तिथे लागतो आणि गुप्त पोलीस त्याला खबऱ्या व्हायला लावतात. ऑगस्ट 1968 चे सोव्हिएत रणगाडे आल्यावर प्रसारण चालू ठेवण्याची धडपड, जुन्या बातमीपटांची दृश्यं नव्या चित्रीकरणात इतक्या सफाईने जोडली आहेत की शिवण सापडत नाही. सफाई हीच थोडी अडचण: कोणाबद्दल कधी काय वाटायचं ते संगीत आधीच सांगून टाकतं. चेकियातल्या कार्लोव्ही व्हारी महोत्सवात प्रेक्षकांनी याला निवडलं ते का, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ज्यांना 'कलात्मक' शब्दाची धास्ती आहे त्यांना इथून सुरुवात करून द्यावी.

'आय अ‍ॅम नेव्हेंका', दिग्दर्शन इसिआर बोयाईन, स्पेन. पोनफेर्रादा शहराच्या महापौराविरुद्ध लैंगिक छळाची फिर्याद करणारी तरुण नगरसेविका नेव्हेंका फर्नांडिस. खरी घटना, 2002 मध्ये महापौर दोषी ठरला, आणि देश सोडावा लागला तो हिला. चित्रपटाची ताकद कचेरीतल्या छोट्या गोष्टींत: दार किती उघडं, फोन किती वाजता, कौतुक कुणासमोर. उत्तरार्धात न्यायालयाचे प्रसंग नेहमीच्या वाटेने जातात. कार्यालयीन तक्रार समितीवर असलेल्या प्रत्येकाने पाहावा.

दुपारी मासळीची थाळी. रिट्झ क्लासिकला दीडनंतर गेलात तर पुढचा खेळ गेला असं समजा, बाराला जा. हूमण, सोलकढी, किसमूर, तिसऱ्याचं सुकं आणि तळलेला तुकडा, एवढं पोटात गेल्यावर लगेच लांब शॉटवाला चित्रपट घेऊ नये. झोप लागणं हा गुन्हा नाही, पण झोपलेल्या चित्रपटाचा निवाडा लिहिणं आहे. वीस मिनिटांहून जास्त डुलकी लागली तर त्या चित्रपटावर न लिहिणं बरं.

रविवार, 24 नोव्हेंबर : फोंड्याकडे

रविवारी अख्खी पणजी थिएटरात येते. यंदा पर्वरीचं आयनॉक्स, पणजीतलंच सम्राट-अशोक, शिवाय मडगावचं रवींद्र भवन आणि फोंड्याचं मॅजिक मूव्हीज असे जादा पडदे होते. रविवारी तिकडे जाणं शहाणपणाचं. पाटो बसस्थानकावरून फोंड्याला कदंबची बस मिळते, अंतर तीसेक किलोमीटर. यंदाची गोम अशी की रस्ता जुन्या गोव्यावरूनच जातो. शवप्रदर्शनाला निघालेली गर्दी, गाड्या, पायी चालणारे गट, सगळं त्याच वाटेवर. एरवी पाऊण तास पुरतो, यंदा दुप्पट हाताशी ठेवावा लागला. बसमध्ये शेजारी बसलेली आजी बाणस्तारीपर्यंत मला तिच्या लग्नाआधीच्या शवप्रदर्शनाची हकिकत सांगत होती आणि मध्येच म्हणाली, "तुमी सिनेमा पळोवपाक फोंड्यां वता? पणजेंत ना?"

ट्युनिशियाचे दोन चित्रपट स्पर्धेत होते आणि ते पाठोपाठ तपासण्यासारखे आहेत, कारण दोन्हींत अतिरेक्यांची सावली मेंढपाळ-शेतकऱ्यांच्या घरात शिरते.

'रेड पाथ', दिग्दर्शन लोत्फी आशूर. डोंगरात शेळ्या चारायला गेलेल्या, नात्याने भाऊ लागणाऱ्या दोन पोरांवर हल्ला होतो. थोरल्याला मारतात आणि त्याचं शीर धाकट्या अश्रफला घरी न्यायला लावतात. 2015 च्या खऱ्या घटनेवर बेतलेला. हिंसा पहिल्या काही मिनिटांत संपते. पुढचा सगळा चित्रपट उरलेलं धड आणायला कोण जाणार या प्रश्नाचा आहे, कारण सरकारी यंत्रणा कोणाला पाठवत नाही. मेलेला भाऊ मधूनमधून परत येऊन बोलतो, ते पहिल्यांदा काळीज हलवतं, चौथ्यांदा नाही. मन घट्ट असेल तर नक्की.

'हू डू आय बिलाँग टू', दिग्दर्शन मेरियम जूबेर. दोन मुलगे सीरियाला लढायला गेलेत. एक परततो, सोबत बुरख्यातली मुकी बायको, आणि गावातून माणसं नाहीशी व्हायला लागतात. चेहऱ्यांना इतकं चिकटून घेतलेलं चित्रण की मागचं जग कायम धूसर. आईच्या भूमिकेतली नटी ते एकटी पेलते. पण गूढ आणि शोक या दोन गाड्या एकमेकींना वाट देत नाहीत, आणि शेवटच्या अर्ध्या तासात दोन्ही अडकतात. जूबेरचा याच भावंडांवरचा 'ब्रदरहूड' हा लघुपट ऑस्करच्या नामांकनात होता. तो आधी मिळाला तर आधी पाहा, तो सरस आहे.

म्हणजे शनिवारी रुमानियाने मोडलेला नियम इथे खरा ठरला: दोन दिग्दर्शकांनी आपापले लघुपट वाढवले, एकाचा चौपट झाला, एकाचा पातळ.

सोमवार-मंगळवार, 25-26 नोव्हेंबर

महोत्सवाचा कणा इथे दुखायला लागतो. फिल्म बाजार, म्हणजे चित्रपटांच्या खरेदीविक्रीचा मेळा, रविवारी उठलेला असतो, निर्माते आणि परदेशी पाहुणे पांगतात, कला अकादमीतल्या मुलाखतींना जागा मिळू लागते. शो उशिरा सुरू होणं किंवा ऐनवेळी बदलणं हे कुठल्याही महोत्सवात घडतं, आणि त्याचं कारण पुष्कळदा केडीएम असतं. चित्रपट डीसीपी नावाच्या कुलूपबंद फायलींच्या गठ्ठ्यात येतो; केडीएम ही त्याची किल्ली. ती एका ठराविक प्रक्षेपण-सर्व्हरपुरती आणि ठराविक तासांपुरतीच चालते. पडदा बदलला, सर्व्हर बदलला किंवा तारीख सरकली की नवी किल्ली मागवावी लागते, आणि ती देणारा माणूस युरोपात त्या वेळी झोपलेला असतो. अर्ध्या तासात सुरू झाला नाही तर आशा सोडून शेजारच्या पडद्याची रश लाइन पकडावी.

'पिअर्स', दिग्दर्शन नेलिशिया लो, सिंगापूर-तैवान. तलवारबाजीच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचा जीव घेतलेला थोरला भाऊ सुधारगृहातून सुटतो; अपघात होता असं म्हणतो; धाकटा, स्वतः तलवारबाज, त्याच्यावर विश्वास ठेवायचं ठरवतो. दिग्दर्शिका सिंगापूरची माजी राष्ट्रीय तलवारबाज, त्यामुळे सामन्यांत नाटकी उड्या नाहीत. पाय, अंतर आणि थांबणं आहे. आईचं उपकथानक थोडं मालिकेकडे झुकतं. शेवटच्या दहा मिनिटांबद्दल कोणाला बोलू देऊ नका.

'शेपर्ड्स', दिग्दर्शन सोफी देरास्प, कॅनडा-फ्रान्स. मॉन्ट्रिऑलमधला जाहिरातवाला नोकरी सोडून दक्षिण फ्रान्सच्या डोंगरात मेंढपाळ व्हायला जातो. पहिला मालक त्याची सगळी कवितेची हौस दोन आठवड्यांत उतरवतो, आणि तोच भाग उत्तम आहे. उन्हाळ्यात कळप घेऊन वर चढल्यावर निसर्ग इतका देखणा होतो की काम दिसेनासं होतं. धनगरी वाडा, मेंढ्यांचं लोकर कातरणं, पावसाआधीची पळापळ जवळून पाहिलेल्याला पूर्वार्ध पुरेल.

जॉर्जियाचा 'पॅनॉप्टिकॉन' आणि तुर्कीचा 'गुलिझार' यांचं थोडक्यात: पहिल्यात बाप मठात निघून गेल्यावर एकटा पडलेला पोरगा, भाषणबाजी नाही पण प्रतीकं जरा जास्तच, दुसऱ्यात लग्नासाठी कोसोव्होला निघालेल्या मुलीवर वाटेत अत्याचार होतो आणि लग्नघर ते झाकायला बसतं. दुसरा नीट, आवळ, नटीच्या चेहऱ्यावर उभा. पहिला राहिला तर हळहळू नये.

चित्रपटानंतरच्या प्रश्नोत्तरांचं एक सांगायला हवं. दिग्दर्शक समोर उभा असतो, दमलेला, गोड बोलणारा, आणि त्याने सहा वर्षं पैसे कसे जमवले हे ऐकल्यावर आपला हात सैल होतो. म्हणून निवाड्याची पहिली ओळ प्रश्नोत्तरांआधी लिहावी, दुसरी-तिसरी नंतर. नंतर मिळते ती माहिती, मत नव्हे. आणि प्रश्न विचारायचाच तर "हे सुचलं कसं?" असं न विचारता एखाद्या शॉटबद्दल विचारावं, उत्तर कामाचं येतं.

रात्री उशिरा गाड्यावर रॉस ऑम्लेट. शागुतीच्या रश्श्यात बुडालेलं ऑम्लेट, वर कांदा, लिंबू, दोन पाव. मध्यरात्रीनंतर पाव संपतात.

बुधवार, 27 नोव्हेंबर

आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पंधरांबाहेरचे दोन, दोघेही म्हाताऱ्या बायकांचे, आणि वर्षभरातल्या चांगल्यांपैकी.

'फॅमिलिअर टच', दिग्दर्शन सारा फ्रीडलंड, अमेरिका, पदार्पणाच्या विभागात. ऐंशीच्या घरातली रूथ, एके काळची स्वयंपाकीण, मुलगा जेवायला येतो तर ती त्याला आपल्या प्रेमात पडलेला कोणी समजते, आणि तो तिला वृद्धाश्रमात सोडतो. स्मृती जातेय हे सिद्ध करायला डॉक्टर प्रश्न विचारतात, तर ती बोर्शची, म्हणजे बिटाच्या सूपची, अख्खी कृती, बीट कापण्यापासून, न अडखळता म्हणून दाखवते. म्हणजे डोक्यातून जाईल, हातातून जाणार नाही. कॅथलीन चॅल्फंटने कुठेही दया मागितलेली नाही. चित्रण खऱ्या वृद्धाश्रमात, तिथल्या रहिवाशांसोबत झालं आहे आणि ते कळतं. कमतरता शोधावी लागते, शोधली नाही.

'क्रॉसिंग', दिग्दर्शन लेव्हान अकिन. जॉर्जियातल्या बातुमीची निवृत्त शिक्षिका लिया, घरातून हाकललेल्या तृतीयपंथी भाचीला शोधायला इस्तंबूलला जाते, सोबत एक फुकट्या पोरगा. फेरीबोटीवरचा एक लांब शॉट आहे: कॅमेरा या दोघांना सोडून गर्दीतून चालत जातो आणि आपण अजून न भेटलेल्या एव्हरिम या वकिलीणबाईवर स्थिरावतो. पुढच्या तासाची ओळख एका शब्दाशिवाय. मधल्या भागात शहराचं प्रेम जरा सांडतं, पण इस्तंबूलला ते माफ. मझिया अराबुलीच्या चेहऱ्यासाठीही पाहा.

बेतीच्या बोटीतून परतताना हा शॉट आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्या बोटीत मात्र कॅमेऱ्याला चालायला जागा मिळायची नाही, स्कूटरी फार.

गुरुवार, 28 नोव्हेंबर

आशुतोष गोवारीकरांच्या अध्यक्षतेखाली अँथनी चेन, एलिझाबेथ कार्लसन, फ्रान बोर्जिया आणि संकलिका जिल बिलकॉक असे परीक्षक होते. सर्वोत्तम चित्रपटाचा सुवर्णमयूर आणि 40 लाख रुपये 'टॉक्सिक'ला. स्वित्झर्लंडच्या लोकार्नो महोत्सवात सर्वोच्च मान, सुवर्ण बिबट्या, यालाच मिळाला होता, म्हणून काहींनी नाक मुरडलं; तरी पंधरांत स्वतःची नजर असलेला हाच होता. सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान दोघी पोरींना विभागून, व्हेस्ता मातुलिते आणि येव्हा रुपेइकाइते. एकीला दिला असता तर दुसरीशिवाय तो उभा राहिला नसता. दिग्दर्शनाचा मुरेशानूला. 'होली काउ'ला परीक्षकांचा खास पुरस्कार आणि फाव्होला अभिनयाचा. 'हू डू आय बिलाँग टू'मध्ये पोलीस झालेल्या अ‍ॅडम बेसाचा खास उल्लेख झाला. चित्रपटापेक्षा तो बरा, हे पटलं. पदार्पणात सारा फ्रीडलंड, युनेस्को-गांधी पदक 'क्रॉसिंग'ला. आणि भारतीय पदार्पणात नवज्योत बांदिवडेकर, 'घरत गणपती'साठी. बाहेर अंगणात या एका नावाला सर्वांत मोठा गलका झाला.

'पिअर्स' रिकाम्या हाताने गेला. कार्लोव्ही व्हारीत त्याच्या दिग्दर्शिकेला पुरस्कार मिळाला होता, इथे नाही. परीक्षक बदलले की असं व्हायचंच. 'वेव्ज'लाही काही नाही, पण तो प्रेक्षकांचा चित्रपट आहे, त्याला तिकीट खिडकी पुरे.

घरी बसून शोधायचे तर आधी 'होली काउ' आणि 'फॅमिलिअर टच'. लहान पडद्यावर दोघांचं फार बिघडत नाही. 'द न्यू इयर'साठी मात्र फिल्म सोसायटीचा पडदा मिळेपर्यंत थांबा, शेवटचा 'बोलेरो' मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचा नाही.

परतीचं: करमळी स्थानक पणजीला जवळचं, पण ते जुन्या गोव्याच्याच अंगाला आहे. शवप्रदर्शन चालू असेपर्यंत, म्हणजे 5 जानेवारी 2025 पर्यंत, तिथली गाडी पकडायची तर पणजीतून दीड तास आधी निघावं लागायचं, नाहीतर सरळ थिवीचं तिकीट काढणं बरं होतं.